लखनौचे आखूड हवाई मार्ग आणि संकरित विद्युत विमान

(हीरकमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा पाठ)



लखनौ म्हटले की मराठी घरांत पहिल्यांदा संगीताची आठवण निघते. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२६ मध्ये त्या शहरात संगीत महाविद्यालय उभारले आणि पुढे श्रीकृष्ण रातंजनकरांनी प्राचार्य म्हणून ते दीर्घकाळ सांभाळले. आजच्या व्याख्यानाचा विषय त्याच शहरातला असला, तरी तो कैसरबागेतल्या त्या वास्तूत नव्हे, शहराच्या दक्षिणेला अमौसीच्या विमानतळावर सुरू होतो. प्रादेशिक प्रवासासाठी घडवली जात असलेली संकरित विद्युत विमाने, म्हणजे ज्यांचे पंखे काही अंशी इंधनावर आणि काही अंशी साठवलेल्या विजेवर फिरतात अशी लहान विमाने, हा तो विषय. या विमानांचे प्रयोग स्वीडन, इंग्लंड, कॅनडा आणि अमेरिका या देशांत झाले आहेत. मग बोलायचे ते लखनौविषयीच का? त्याचे उत्तर नकाशात आहे.

अमौसीवर कंपासचे टोक रोवून तीनशे किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढावे. सरळ हवाई रेषेने मोजल्यास श्रावस्ती सुमारे १३५ किलोमीटरांवर येते, चित्रकूट १७०, आझमगड २३०. अलीगढ, मुरादाबाद आणि कुशीनगर ही तिन्ही ठिकाणे जवळजवळ परिघावर बसतात. या सहाही ठिकाणी गेल्या काही वर्षांत विमानतळ उभे राहिले आहेत. विजेवर उडू पाहणाऱ्या विमानांचे जगभरचे अभियंते ज्या अंतरांना अनुकूल मानतात, ती अंतरे नेमकी हीच आहेत. एकाच शहराभोवती इतके आखूड मार्ग आणि त्या मार्गांच्या टोकाला तयार धावपट्ट्या, असे चित्र फार ठिकाणी आढळत नाही.

मात्र या धावपट्ट्यांची आजची अवस्था सांगितल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. केंद्र सरकारच्या 'उडान' योजनेतील पहिले विमान २७ एप्रिल २०१७ रोजी सिमल्याहून दिल्लीला निघाले. त्याच दिवशी नांदेड–हैदराबाद सेवेलाही हिरवा कंदील मिळाला होता, हे मराठवाड्यातील श्रोत्यांना आठवत असेल. तासाभराच्या उड्डाणाला अडीच हजार रुपयांची भाडेमर्यादा आणि कंपनीला पडणारी तूट तीन वर्षे सरकारने भरून देणे, असा त्या योजनेचा गाभा होता. उत्तर प्रदेशात कुशीनगरच्या विमानतळाचे उद्घाटन २० ऑक्टोबर २०२१ रोजी झाले. १० मार्च २०२४ रोजी आझमगड, श्रावस्ती, चित्रकूट, अलीगढ आणि मुरादाबाद या पाच विमानतळांचे एकत्र उद्घाटन झाले आणि लखनौहून एकोणीस आसनी विमाने तिकडे उडू लागली. ती टिकली नाहीत. २०२५ पर्यंत या पाचांपैकी बहुतेक ठिकाणची नियमित सेवा थांबलेली होती.

हा केवळ एका राज्याचा अनुभव नाही. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२३ मध्ये सादर केलेल्या अहवालात योजनेच्या पहिल्या तीन फेऱ्यांचा हिशेब मांडला आहे. ७७४ मार्ग मंजूर झाले; त्यांपैकी ४०३ कधी सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी केवळ ११२ मार्गांनी सवलतीची तीन वर्षे पूर्ण केली, आणि सवलत संपल्यावर मार्च २०२३ पर्यंत तग धरून राहिले ते ५४. आखूड हवाई मार्ग का मरतात हे समजून घेतले नाही, तर नवे यंत्र आणूनही ते मरतीलच.

कारणे गूढ नाहीत. एकशे ऐंशी आसनांच्या विमानाला दोन वैमानिक लागतात आणि एकोणीस आसनांच्या विमानालाही दोनच लागतात. त्यांचे वेतन तिकडे एकशे ऐंशी तिकिटांवर वाटले जाते, इकडे एकोणीस. इंजिनाची देखभाल, विमानतळाचे शुल्क, अग्निशमन, सुरक्षा, हवामानाची नोंद या सर्वांचे तसेच. शिवाय रस्ता स्वस्थ बसलेला नाही. लखनौहून निघणारा पूर्वांचल द्रुतगती मार्ग १६ नोव्हेंबर २०२१ रोजी खुला झाला आणि आझमगडकराला मोटारीने लखनौ गाठणे अर्ध्या दिवसाच्या आत आले. विमान पाऊण तासात उतरते हे खरे. पण त्याआधी तासभर विमानतळावर जाऊन बसायचे, आणि विमान आठवड्यातून मोजकेच दिवस असायचे. ज्याला मंगळवारी न्यायालयात हजर राहायचे आहे, त्याला बुधवारच्या विमानाचा काय उपयोग?

आता यंत्राकडे वळावे. 'संकरित' हा शब्द नवा वाटला, तरी त्यामागची कल्पना लखनौच्या आलमबागेत कित्येक दशके धडधडत आली आहे. तेथील रेल्वेच्या शेडमधून बाहेर पडणाऱ्या डिझेल इंजिनाची चाके डिझेल यंत्र थेट फिरवीत नाही. डिझेल यंत्र जनित्र फिरवते, जनित्रातून वीज निघते आणि त्या विजेवर चाकांजवळची चलित्रे चालतात. भौतिकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातील शब्द उसना घ्यायचा तर ही 'एकसर जोडणी' झाली: एकामागून एक. विमानातही असेच करता येते. धडात कोठेतरी लहान टर्बाइन आणि जनित्र ठेवायचे, जोडीला बॅटरी, आणि पंखांवरची चलित्रे विजेवर फिरवायची. दुसरी पद्धत समांतर जोडणीची. तीत एकाच प्रोपेलरच्या दांड्यावर टर्बाइनही जोर लावते आणि विद्युत चलित्रही. जड ओझ्याच्या वेळी दोघे मिळून ओढतात, हलक्या वेळी एकटे टर्बाइन पुरते.

भारतीय रेल्वेची संशोधन, अभिकल्प आणि मानक संस्था १९५७ पासून लखनौतच आहे. विजेच्या बळावर शेकडो टन ओढणाऱ्या यंत्रांचे नियम आणि कसोट्या तेथे ठरतात. तेव्हा या शहराला विद्युत कर्षण शिकवण्याची गरज नाही. रेल्वेला एक सोय मात्र आहे, जी विमानाला कधीच मिळणार नाही: तिची वीज डोक्यावरच्या तारेतून येते. डिझेल इंजिनाला वजनाचीही फिकीर नसते. उलट चाके घसरू नयेत म्हणून ते जडच हवे असते. विमानाला आपली सारी ऊर्जा बरोबर घेऊन वर चढावे लागते, आणि गोष्ट येथेच अवघड होते.

त्यासाठी एक हिशेब मांडून पाहणे बरे. तो अंदाजाचा आहे, पण मोठ्या चुकीचा नाही, आणि बारावीच्या विद्यार्थ्याला तो स्वतः ताडून पाहता येईल.

कानपूरला बनणारे डॉर्नियर २२८ हे विमान घेऊ. एकोणीस प्रवासी, दोन टर्बोप्रॉप इंजिने, प्रत्येकाची शक्ती साडेपाचशे किलोवॉटच्या आसपास. भरलेल्या विमानाचे कमाल वजन ६,४०० किलो. लखनौ ते आझमगड हे अंतर ते साधारण चाळीस मिनिटांत तोडेल आणि तेवढ्यात त्याच्या प्रोपेलरांना सुमारे ५०० युनिट ऊर्जा लागेल. युनिट म्हणजे घरच्या वीजबिलातले युनिट, एक किलोवॉट-तास. एवढ्यावर भागत नाही. आझमगडला उतरता आले नाही तर दुसऱ्या विमानतळापर्यंत जाण्याइतकी आणि तेथे काही काळ घिरट्या घालण्याइतकी ऊर्जा शिल्लक असावी, असा नियम आहे. ते सारे धरल्यास हिशेब हजार युनिटांच्या खाली येत नाही.

विमानाच्या रॉकेलवजा इंधनात किलोमागे सुमारे १२ युनिट ऊर्जा असते. लहान टर्बाइन तिच्यातली जेमतेम पाव प्रोपेलरपर्यंत पोचवते, म्हणजे किलोमागे ३ युनिट पदरात पडतात. हजार युनिटांना साडेतीनशे किलो इंधन झाले. आजच्या लिथियम बॅटरीचा संच, त्याचे आवरण आणि थंड ठेवण्याची व्यवस्था धरून, किलोमागे सुमारे ०.२ युनिट देतो. चलित्र काटकसरी असल्यामुळे त्यातले नऊ दशांश कामी येतात: ०.१८ युनिट. हजार युनिटांना साडेपाच हजार किलो बॅटरी झाली. विमानाचे सर्वस्वी भरलेले वजन ६,४०० किलो! शिवाय इंधन जळते तसे विमान हलके होत जाते; बॅटरी रिकामी झाली तरी तिचे वजन एका ग्रॅमनेही घटत नाही. निव्वळ बॅटरीवर उडणारे एकोणीस आसनी विमान आज का नाही, याचे उत्तर या दोन आकड्यांत आले. युरोपात जून २०२० मध्ये प्रमाणपत्र मिळालेले पहिले विद्युत विमान, पिपिस्ट्रेल कंपनीचे व्हेलिस इलेक्ट्रो, दोन आसनांचे आहे, त्याची बॅटरी सुमारे २५ युनिटांची आहे आणि ते पाऊण तासाच्या आसपासच हवेत राहते, ते याचमुळे.

या हिशेबातला निदान निम्मा वाटा राखीव ऊर्जेचा आहे, हे चाणाक्ष श्रोत्यांच्या ध्यानात आले असेल. जी वापरावी लागू नये अशी वैमानिकाची इच्छा असते, तिचेच ओझे सर्वांत मोठे. संकरित विमानाचा जन्म बव्हंशी या एका अडचणीतून झाला आहे. स्वीडनच्या हार्ट एअरोस्पेस या कंपनीने आरंभी १९ आसनांचे केवळ बॅटरीवरचे विमान योजले होते. सप्टेंबर २०२२ मध्ये तिने तो आराखडा बाजूला ठेवला आणि तीस आसनांचे संकरित विमान जाहीर केले. सुमारे २०० किलोमीटरपर्यंत बॅटरीवर, त्यापुढे इंधनाच्या मदतीने ४०० किलोमीटरपर्यंत. रोजचा प्रवास विजेवर आणि अडीअडचणीचा इंधनावर, अशी ती विभागणी होती.

लखनौच्या बाबतीत ही अडीअडचण पुस्तकी नाही. डिसेंबर-जानेवारीत गंगेच्या मैदानावर जे धुके उतरते, ते एका गावापुरते नसते. पंजाबपासून बिहारपर्यंत त्याची एकच चादर पसरते. अमौसी दिसत नाही तेव्हा वाराणसी आणि प्रयागराजही बहुधा दिसत नाहीत. आझमगडहून परतणाऱ्या विमानाला अशा पहाटे विंध्याच्या पठाराकडे, म्हणजे खजुराहोसारख्या ठिकाणी वळावे लागेल, आणि ते अंतर मूळ प्रवासाइतकेच आहे. स्वीडनमध्ये आखलेला राखीव ऊर्जेचा हिशेब लखनौला जसाच्या तसा लागू पडणार नाही. येथल्या विमानाला हिवाळ्यात टाकीत अधिक इंधन घेऊनच उडावे लागेल, आणि उन्हाळ्यात निराळ्याच संकटाला तोंड द्यावे लागेल, ज्याचा विचार पुढे येतो.

मग प्रचलित डॉर्नियरमध्येच थोडी बॅटरी आणि एक चलित्र बसवून संकर साधता येईल काय? पुन्हा हिशेब. उड्डाण आणि चढण यांच्या पहिल्या दहा मिनिटांत ४०० किलोवॉटची विद्युत मदत द्यायची ठरवली, तर सुमारे ६७ युनिट लागतील. त्यासाठी बॅटरी सुमारे ३७० किलो; सामानासह चार प्रवाशांचे वजन. चलित्र, जाड तारा, नियंत्रक यांचे वजन निराळे. आणि वाचले काय? बावीस-तेवीस किलो इंधन. चार तिकिटे सोडून तेवीस किलो इंधन वाचवणारा व्यवहार कोणताही हिशेबनीस मान्य करणार नाही.

तरीही समांतर पद्धतीवर जगात काम चालू आहे, आणि ते वेडेपणाचे नाही. कारण खरा लाभ त्या तेवीस किलोंच्या पलीकडे आहे. विमानाचे इंजिन उड्डाणाच्या क्षणासाठी मोठे घ्यावे लागते. त्यातही एक इंजिन ऐन वेळी बंद पडले तर उरलेल्या एकाने विमान वर न्यावे, इतके मोठे. पुढचा सारा प्रवास ते आवरून चालवले जाते, आणि आवरलेले लहान टर्बाइन उधळे असते. उड्डाणाच्या वेळी विजेचा खांदा मिळाला, तर टर्बाइन लहान घेता येईल आणि ते सर्व वेळ आपल्या सर्वोत्तम चालीवर चालेल. कॅनडाच्या प्रॅट अँड व्हिटनीने २०२१ मध्ये डॅश ८ जातीच्या विमानावर असा प्रकल्प जाहीर केला. एक मेगावॉट टर्बाइन आणि एक मेगावॉट चलित्र यांची ती जोडी, आणि तीस टक्के इंधन वाचवण्याचे उद्दिष्ट. त्याहून लहान प्रमाणावर अमेरिकेतील अँपेअर कंपनीचे संकरित सेसना कॅरॅव्हॅन नोव्हेंबर २०२२ मध्ये उडाले. तीस टक्के हा आकडा मोहक आहे. पण भारतातल्या विमान कंपन्यांच्या खर्चात इंधनाचा वाटा सामान्यतः चाळीस टक्क्यांपर्यंत धरला जातो. त्याचे तीस टक्के म्हणजे एकूण खर्चाचे बारा टक्के. बारा टक्क्यांनी श्रावस्तीचा मार्ग जगला असता काय, याचा विचार व्यापाराच्या विद्यार्थ्यांनी करावा.

याच डॉर्नियरची एक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. १९ जानेवारी २०२३ रोजी इंग्लंडमधील केंबल येथून झीरोएव्हिया कंपनीचे एक विमान दहा मिनिटांसाठी आकाशात गेले. डाव्या पंखावरचा प्रोपेलर हायड्रोजनच्या इंधनघटांतून आणि बॅटरीतून आलेल्या विजेवर फिरत होता. उजव्या पंखावर नेहमीचे टर्बोप्रॉप इंजिन होते. इंधनघट आणि बॅटऱ्या ठेवल्या होत्या त्या प्रवाशांच्या जागेत. ते विमान डॉर्नियर २२८ होते. कानपूरला हिंदुस्तान एअरोनॉटिक्स १९८० च्या दशकापासून बनवीत आहे त्याच जातीचे.

कानपूर लखनौपासून ऐंशी किलोमीटर. तेथे बांधलेले पहिले ॲव्हरो विमान १ नोव्हेंबर १९६१ रोजी उडाले. डॉर्नियरचा करार १९८३ चा. पुढे दीर्घकाळ कानपूरची डॉर्नियर मुख्यतः सैन्यदले आणि तटरक्षक दल यांच्याकडे गेली. १२ एप्रिल २०२२ रोजी भारतीय बनावटीचे डॉर्नियर अलायन्स एअरच्या प्रवासी सेवेत दिब्रुगढहून पासीघाटला उडाले. एवढा अनुभव गाठीशी असताना त्या विमानाच्या पंखावर विजेचे पहिले चलित्र इंग्लंडमध्ये का चढले? भांडवल, हायड्रोजन, सरकारी साहाय्य ही उत्तरे आहेतच. पण आणखी एक उत्तर आहे. परवान्यावर विमान बांधणारा कारखाना ते उत्तम बांधू शकतो. त्याचा पंख कोणत्या भाराला का टिकतो, याची मूळ गणिते मात्र ज्याने आराखडा केला त्याच्या कपाटात असतात. इंजिन बदलणे म्हणजे ती गणिते पुन्हा मांडणे.

मराठी माणसाला येथे डॉ. विष्णु माधव घाटगे यांचे नाव आठवल्यावाचून राहत नाही. कोल्हापूरकडच्या हसूरचा हा मुलगा गॉटिंगेनला लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली शिकला, तेथून १९३६ मध्ये डॉक्टर होऊन परतला आणि पुढे बेंगळुरूच्या कारखान्यात त्याने विमानांचे आराखडेच केले. त्यांचे एचटी-२ हे शिकाऊ विमान ऑगस्ट १९५१ मध्ये उडाले. घाटगे यांच्या पिढीने बांधणीबरोबर आराखडाही आपल्या हाती ठेवला होता. प्रवासी विमानांत ती परंपरा क्षीण झाली. राष्ट्रीय एअरोस्पेस प्रयोगशाळेचे 'सारस' हा तिचा पुन्हा धरलेला धागा. ते २००४ मध्ये प्रथम उडाले. ६ मार्च २००९ रोजी त्याचा दुसरा नमुना बिडदीजवळ कोसळून वायुसेनेचे तिघे परीक्षक मृत्युमुखी पडले, आणि काम वर्षानुवर्षे अडून राहिले. सुधारलेले सारस २४ जानेवारी २०१८ रोजी पुन्हा हवेत गेले; एकोणीस आसनांची त्याची पुढची आवृत्ती आखली गेली. भारतात प्रवासी विमानाचा संकर कधी व्हायचा असेल, तर तो परक्या आराखड्यावर ठिगळ लावून होण्यापेक्षा सारससारख्या स्वतःच्या आराखड्यात आरंभापासून व्हावा, हे अधिक श्रेयस्कर. बिडदीच्या त्या दिवसाची आठवण ठेवूनच ते करावे लागेल. नव्या प्रकारच्या इंजिनाची घाई परीक्षक वैमानिकांच्या जिवावर बेतते.

लखनौच्या वाट्याला यातले कोणते काम येते? हिंदुस्तान एअरोनॉटिक्सचा उपसाधने विभाग लखनौला १९७० पासून आहे. विमानाची चाके आणि ब्रेक, द्रवचलित यंत्रणा, इंधन-नियंत्रण, आतली हवा थंड ठेवणारी साधने, आणि विशेष म्हणजे विजेची निर्मिती व नियंत्रण करणारी साधने तेथे तयार होतात. अशा कारखान्याकडे सामान्य प्रवाशाचे लक्ष जात नाही. संकरित विमानात मात्र हीच उपसाधने मुख्य होऊन बसतात.

त्यांतले दोन प्रश्न पाहू. पहिला विद्युतदाबाचा. आजच्या लहान विमानातली वीज २८ व्होल्टची असते. त्या दाबाने शेकडो किलोवॉट वाहून न्यायचे तर मनगटाएवढ्या तारा लागतील; म्हणून दाब वाढवावा लागतो. एअरबस, रोल्स-रॉइस आणि सीमेन्स यांनी २०१७ मध्ये हाती घेतलेल्या ई-फॅन एक्स प्रकल्पात तो ३,००० व्होल्ट ठरवला होता. मुंबईच्या उपनगरी गाड्यांच्या तारांतला जुना दाब १,५०० व्होल्टचा होता. त्याच्या दुप्पट, आणि तोही विमानाच्या बंदिस्त पोटात. उंचीवर हवा विरळ होते आणि विरळ हवेतून ठिणगी अधिक सहज उडी मारते. जमिनीवर निर्धोक असलेली तार वर गेल्यावर धोक्याची ठरू शकते. चार इंजिनांपैकी एकाच्या जागी दोन मेगावॉटचे चलित्र बसवायचे, असा तो प्रकल्प होता. एप्रिल २०२० मध्ये तो उड्डाणाआधीच बंद करण्यात आला.

दुसरा प्रश्न उष्णतेचा. मे-जूनमध्ये लखनौचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. तापलेली हवा विरळ, म्हणून पंखांना उचल कमी आणि टर्बाइनलाही जोर कमी; ऐन अशा वेळी विजेची मदत सर्वांत उपयोगी. पण त्याच वेळी बॅटरी आधीच तापलेली असते, आणि तिच्याकडून जितक्या झपाट्याने वीज ओढावी तितकी ती आणखी तापते. बिघडलेली बॅटरी काय करू शकते हे विमान-जगताने जानेवारी २०१३ मध्ये पाहिले. बोइंग ड्रीमलायनरच्या लिथियम बॅटऱ्यांनी पेट घेतल्यावर जगभरची ती विमाने जमिनीवर आणली गेली. त्यांत एअर इंडियाचीही होती. त्या बॅटऱ्या विमान उडवीत नव्हत्या, केवळ साहाय्यक होत्या. म्हणून बॅटरी थंड राखण्याची यंत्रणा ही लखनौसाठी शोभेची बाब नाही. स्वीडनच्या थंडीत कसोटीला उतरलेली यंत्रणा अवधच्या लूमध्ये पुन्हा पारखावी लागेल, आणि ती पारखण्यासाठी लखनौइतकी योग्य जागा मिळणे कठीण.

विजेच्या स्वच्छतेविषयीही एक गोष्ट बोलून ठेवणे भाग आहे. श्रावस्तीच्या धावपट्टीवर भरलेली वीज सोनभद्रच्या कोळशातून आलेली असण्याचा संभव मोठा आहे. ओबरा, अनपरा, रिहंद येथील चिमण्यांचा धूर विमानाच्या शेपटीमागे दिसत नाही, इतकेच. उत्तर प्रदेशच्या विजेत सूर्याचा वाटा वाढेल त्या प्रमाणात हा आक्षेप सौम्य होईल. आज तो सौम्य नाही.

तेव्हा प्रवासी विमानाआधी विजेचे उड्डाण लखनौच्या परिसरात कोठे रुजू शकते? शहरापासून फार दूर नसलेल्या फुरसतगंजला इंदिरा गांधी राष्ट्रीय उडाण अकादमी आहे. देशाचे वैमानिक तेथे घडतात. शिकाऊ वैमानिकाच्या आरंभीच्या पाठांत बराच वेळ त्याच धावपट्टीवरून उठणे, एक फेरी मारणे आणि त्याच धावपट्टीवर उतरणे यांत जातो. दोघांचे वजन, आखूड फेऱ्या, स्वच्छ दिसेल तेव्हाच उड्डाण: बॅटरीची सारी वैगुण्ये येथे निरुपद्रवी होतात. राष्ट्रीय एअरोस्पेस प्रयोगशाळेच्या 'हंसा' विमानाची ई-हंसा ही विद्युत आवृत्ती २०२५ मध्ये जाहीर झाली, ती याच प्रकारच्या कामासाठी. कानपूरच्या आयआयटीकडे स्वतःची धावपट्टी आणि उड्डाण-प्रयोगशाळा आहे. चलित्र, नियंत्रक आणि शीतन यांच्या हवेतल्या कसोट्या तेथून सुरू करता येतील. दोन आसनांनंतर नऊ, नऊनंतर एकोणीस. श्रावस्तीच्या प्रवाशाला हा क्रम मंद वाटेल. परंतु बंद पडलेल्या विमानतळांच्या उद्धारासाठी संकरित विमान उद्या येणार, असे आश्वासन देणाऱ्यांनी त्या प्रवाशासमोर बॅटरीचा हिशेब कधी मांडलेला नसतो.

तो हिशेब श्रावस्तीपुरता मांडून हे व्याख्यान थांबवता येईल. १३५ किलोमीटरांच्या त्या प्रवासाला डॉर्नियरसारख्या विमानाला सुमारे ३०० युनिट लागतात. राखीव ऊर्जा इंधनाची ठेवली आणि प्रवास तेवढा बॅटरीवर केला, तर आजच्या दराने १,६७० किलो बॅटरी लागते. एकोणीस प्रवासी आणि त्यांचे सामान यांचे वजन जवळजवळ तेवढेच भरते. म्हणजे आज ते विमान श्रावस्तीला पोचेल, पण रिकामे पोचेल. बॅटरीची क्षमता दुप्पट झाली, तर तिचे वजन ८३५ किलोंवर येईल आणि नऊ प्रवाशांना जागा मिळेल.